भागधारकांनी घासलेली भांडी

इमारतीत त्यांना सगळे 'भागधारक' म्हणत आणि त्यांना ते आवडायचं. एकतीस कंपन्यांचे शेअर त्यांच्याकडे होते. कुठे दहा, कुठे पाच, आणि एका विमान कंपनीचा तर एकच. पण तो एकही त्यांना पुरेसा होता, कारण एका शेअरवरसुद्धा वार्षिक सभेत उभं राहून प्रश्न विचारता येतो, आणि प्रश्न विचारायला मिळावा एवढ्यासाठीच हा माणूस शेअर घ्यायचा. नफा आला तर आला. विमा कचेरीत लोकांचे दावे तपासण्यात त्यांची छत्तीस वर्षं गेली होती, म्हणजे छत्तीस वर्षं लोकांवर संशय घ्यायचा त्यांना पगार मिळाला. निवृत्तीनंतर पगार थांबला, संशय कसा थांबणार?

सकाळी सात ते साडेनऊ वर्तमानपत्रातलं उद्योगांचं पान. ते पान ते वाचत नसत, त्याच्याशी भांडत.

"'खर्चाला शिस्त लावली' म्हणे. म्हणजे माणसं काढली. आणि हे बघ, 'ग्राहकांच्या आग्रहावरून सुटसुटीत पाकीट.' कोणी केला आग्रह? तू केलास? सुटसुटीत म्हणजे आत माल कमी, एवढं सरळ लिहायला यांचं काय जातं?"

मग चहा आला की बिस्किटांचा पुडा फोडून आधी मोजणी व्हायची. बाराची अकरा झाली त्या दिवशी त्यांचा चहा गार झाला. पण ती बिस्किटांची कंपनीही त्यांचीच, सात शेअर. म्हणून त्यांनी ग्राहक या नात्याने खरमरीत पत्र लिहिलं आणि त्याच पत्राच्या शेवटी भागधारक या नात्याने व्यवस्थापनाचं अभिनंदन केलं. एकाच बिस्किटावर दोन मतं बाळगणारा माणूस त्यांच्या बायकोने दुसरा पाहिला नव्हता.

या बायकोला कॉलेजात सगळे 'लॅबताई' म्हणायचे, आणि ते नाव त्यांच्यामागे घरापर्यंत आलं. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं सहायक. द्रावणं बनवायची, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, पोरांनी फोडलेलं काच-सामान मोजायचं, आणि प्राध्यापकांचे प्रयोग फसले की हळूच बाजूला उभं राहून ते दुरुस्त करायचे. असं की प्राध्यापकांना ते आपणच दुरुस्त केल्यासारखं वाटावं. ही शेवटची कला कुठल्या पुस्तकात नाही, पण संसारात तिचा फार उपयोग होतो.

भागधारकांच्या घरात एक नियम होता. ज्या कंपनीचा शेअर, तिचाच माल घरात. शेअर विकला की त्याच दिवशी तो साबण न्हाणीघरातून बाहेर. नवीन कंपनी घेतली की वर्षभर तिचा माल स्वतः वापरायचा, दर महिन्याला वहीत शेरा लिहायचा, आणि मगच जास्त शेअर घ्यायचे की नाही ते ठरवायचं. "बाजारातले पंडित आकडे बघतात," ते म्हणत. "मी माल बघतो. माझं स्वयंपाकघर हीच माझी प्रयोगशाळा." हे ते खऱ्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलेल्या बाईसमोर म्हणत, आणि ती बाई त्यावर चकार शब्द काढत नसे. त्याला कारण होतं.

कारण असं की, भागधारकांनी भांडी घासायच्या द्रव साबणाच्या एका कंपनीचे शेअर घेतले होते. हिरवी बाटली, वर डोळे मिचकावणारं लिंबू. माल तपासायचा म्हणजे भांडी घासणं आलं. तेव्हा चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा हा गृहस्थ बाह्या सरसावून बेसिनपाशी उभा राहिला. दोन्ही वेळची भांडी. कढईसुद्धा. लॅबताई बाहेर खुर्चीत बसून नळाचा आवाज ऐकायच्या, आणि जगात यापेक्षा गोड आवाज असेल असं त्यांना वाटत नसे.

हे सुख तीन आठवडे टिकलं. मग भागधारकांच्या बोटांच्या बेचक्यांत लाल चट्टे उठले, खाज सुटली, आणि त्यांनी जाहीर केलं, "माल तिखट आहे. शेरा लिहितो आणि चाचणी बंद करतो."

चाचणी बंद म्हणजे भांडी पुन्हा कोणाकडे, हे सांगायला नको.

त्या दुपारी लॅबताईंनी लिंबाच्या बाटलीतला एक थेंब लिटमस कागदाच्या पट्टीवर टाकला. पट्टी निळीशार झाली. आत सोडा इतका होता की त्याने भांडीच काय, फरशी सोलून निघाली असती. त्यांनी नाक मुरडलं, जुन्या ओळखीच्या रसायनवाल्याकडून दोन किलो कच्चा माल आणला, बाल्कनीत बादली मांडली, त्यातल्या आम्लात सोड्याचं पाणी थेंबाथेंबाने घालत पट्टीचा रंग हवा तसा येईपर्यंत ढवळलं, वर थोडं ग्लिसरीन घातलं, दाट व्हावं म्हणून मीठ घातलं. मीठ घालताना घाई करायची नसते. चमचाभर जास्त झालं की दाट झालेलं पुन्हा पाण्यासारखं पातळ होतं. सकाळी फेस खाली बसल्यावर त्यांनी ते लिंबाच्या बाटलीत भरलं आणि कंपनीच्या मालाने संडास धुतला. संडास लखलखला. प्रत्येक वस्तूची एक जागा असते.

"नवी बाटली आणलीय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "एक संधी द्या कंपनीला."

भागधारकांनी संधी दिली. चट्टे गेले. भांडी चकाकली. त्या महिन्याचा शेरा असा होता: 'व्यवस्थापनाने तक्रारीची दखल घेऊन मालात सुधारणा केलेली दिसते. समाधानकारक.' तक्रार त्यांनी अजून पाठवलीही नव्हती.

असे चौदा महिने गेले. भागधारक बाटली आणत, लॅबताई ती ओतून आपली भरत. वरच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई एकदा वास घेऊन म्हणाली, "ताई, हे दुकानातलं नाही, मलाही द्या." मग तिची बहीण, मग आणखी दोन घरं. मागच्या जिन्याने रिकाम्या बाटल्या यायच्या आणि भरलेल्या जायच्या. लॅबताईंना निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच सकाळी उठायला कारण मिळालं होतं. खाली तळमजल्यावरची लाँड्री बंद पडली होती. मोठी मोरी, चोवीस तास पाणी, खेळती हवा. त्या गाळ्यावरून जाताना त्यांची पावलं आपोआप मंद व्हायची. एक दिवस त्यांनी मालकाला भाडं विचारलं. तो म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत थांबतो. त्यानंतर गाळा शिकवणीवाल्याला देईन."

पैसे होते. निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम लॅबताईंनी स्वतःच्या एकटीच्या नावावर मुदत ठेवीत ठेवली होती. प्रश्न एवढाच होता की नवऱ्याला सांगायचं कसं. त्यांचा बिनलेबलच्या मालावर भयंकर राग. 'ज्या बाटलीवर बनवणाऱ्याचं नाव नाही, ती बाटली म्हणजे नंबर नसलेली गाडी,' असं त्यांचं पत्र वर्तमानपत्रात छापून आलं होतं, आणि ते कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं होतं. लॅबताई रोज त्याच कपाटातून कपडे काढत.

आणि तेवढ्यात भागधारकांनीच एका सकाळी त्यांच्यापुढे एक अर्ज ठेवला. मुदत ठेव मोडण्याचा. तीन ठिकाणी पेन्सिलने फुल्या.

"इथे, इथे आणि इथे सही कर. महिनाअखेरीला लिंबूवाल्यांचे तिमाही निकाल आहेत. त्याआधी शेअर घ्यायला हवेत. माझे होते तेवढे लावले. आता तुझे."

"माझे सगळे?"

"अगं, चौदा महिने मी या हातांनी तो माल वापरलाय. कंपनीने गुपचूप मालाचा दर्जा कुठल्या कुठे नेलाय आणि बाजाराला पत्ताच नाही. पंडित म्हणतात, कंपनी बुडतेय. बुडतेय कसली? त्यांच्या घरी भांडी कोण घासतं? मोलकरीण. तिला विचारतं कोण? ही गोष्ट अख्ख्या बाजारात फक्त मला कळलीय."

लॅबताईंनी चहाची कपबशी खाली ठेवली. पंडितांचं बरोबर होतं. कंपनी बुडतच होती. तिला या घरात तरंगत ठेवलं होतं ते बाल्कनीतल्या बादलीने.

"दोन दिवस विचार करते," त्या म्हणाल्या.

पहिला उपाय त्यांनी नवऱ्याच्याच हत्याराने केला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र आधी आपण हातात घेतलं. "यांचा विक्री-प्रमुख सोडून गेला म्हणे."

"बरं झालं. खर्च कमी."

"कर्ज वाढलंय."

"म्हणजे कारखाना वाढवताहेत."

"नियामकाने नोटीस दिलीय, बाटलीवरची अक्षरं बारीक आहेत म्हणून."

भागधारक खुश झाले. "ती माझीच तक्रार होती. बघ, सुधारतील आता."

प्रेमात पडलेल्या माणसाला आणि शेअर घेतलेल्या माणसाला बातमी सांगून उपयोग नसतो. लॅबताईंनी दुसरा उपाय काढला, आणि तो त्यांना इतका सोपा वाटला की आधी का सुचला नाही म्हणून त्या स्वतःवरच चिडल्या. त्यांनी लिंबाच्या बाटलीत लिंबाचाच माल राहू दिला. खऱ्या कंपनीचा खरा माल. घासू देत चार दिवस. हातांना कळेल, हातांकडून डोक्याला कळेल, अर्ज फाटेल.

चौथ्या दिवशी भागधारक बोटं खाजवत बाहेर आले. चट्टे होते तसेच पुन्हा उठले होते. लॅबताईंना वाईट वाटलं, पण त्यांनी मन घट्ट केलं आणि विचारलं, "काय झालं? माल बिघडला वाटतं कंपनीचा?"

"माल बिघडला नाही," भागधारक खुर्चीत बसत म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. विमा कचेरीत एखादा खोटा दावा सापडला की चमकायचे तसे. "हा कंपनीचा मालच नाही. नकली आहे."

"नकली?"

"कोणीतरी कंपनीच्या बाटलीत भलताच माल भरतंय. बाटली तीच, लिंबू तेच, आत दुसरंच. चौदा महिने वापरलेला माणूस आहे मी, मला फसवतात?"

यातला शब्द न् शब्द खरा होता.

"आणि याचा अर्थ कळला का तुला?" भागधारक पुढे म्हणाले. "नकली माल कोणाचा निघतो? ज्याला मागणी असते त्याचा. म्हणजे कंपनी मी समजत होतो त्यापेक्षाही मोठी होणार. अर्ज कुठाय?"

अर्ज लॅबताईंनी पिठाच्या डब्याखाली ठेवला होता. त्या म्हणाल्या, सापडत नाही.

भागधारकांनी खात्री करायला लांबच्या दुकानातून स्वतः दुसरी बाटली आणली आणि तिथल्या तिथे पेला घासून पाहिला. पुन्हा खाज. "बघितलंस? टोळी किती दूरवर पसरलीय." मग पत्र लिहिलं. कंपनीला, आणि प्रत नियामकाला. नकली माल बनवणाऱ्याला शोधून काढावं, जबर दंड करावा आणि शक्यतो तुरुंगात टाकावं. शुद्धलेखन तपासायला ते पत्र नेहमीप्रमाणे लॅबताईंच्या हातात आलं. त्यांनी दोन वेलांट्या दुरुस्त केल्या. 'शक्यतो' या शब्दावर त्यांची पेन्सिल थोडा वेळ थांबली, पण तो शब्द चुकीचा नव्हता.

नियामकाला प्रत गेली की कंपन्या धावत येतात, हे भागधारकांचं मत निदान या बाबतीत खरं निघालं. आठवड्याच्या आत कंपनीचा गुणवत्ता अधिकारी दारात उभा राहिला. चाळिशीचा, थकलेल्या चेहऱ्याचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट मनगटाच्या पुढे ओढून घेतलेला. भागधारकांनी त्याच्यापुढे आपला खजिना मांडला. दर महिन्याला त्यांनी बाटलीतला थोडा माल एका लहान काचेच्या कुपीत काढून ठेवला होता, वर तारीख आणि सही. कुप्या लॅबताईंनीच कॉलेजातून मोडीत निघालेल्या आणून दिल्या होत्या. स्वतःच्या हाताने, आणि त्या वेळी फार चांगलं काम केल्यासारखं वाटलं होतं.

"या चौदा अस्सल," भागधारक म्हणाले. "ही पंधरावी नकली. तपासा."

अधिकारी कुप्या घेऊन गेला. लॅबताईंनी ते दिवस कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. लाँड्रीचा मालक जिन्यात भेटला की भुवया उंचावायचा. अर्ज पिठाच्या डब्याखालून निघाला, कारण भागधारकांनी पोळ्या करायला मदत म्हणून पीठ काढलं. आता तो टेबलावर, वर पेन ठेवून वाट बघत पडला होता. महिना संपायला दोन दिवस उरले होते. सांगावं तर नवरा चौदा महिन्यांचा मूर्ख ठरतो. न सांगावं तर ठेव जाते, गाळा जातो, आणि त्यांच्या तेहतीस वर्षांच्या मिळकतीतून डोळे मिचकावणारं लिंबू विकत घेतलं जातं.

महिना संपायच्या आदल्या दिवशी सकाळी अधिकारी पुन्हा आला. टेबलाशी बसला, अर्ज बाजूला सरकवला आणि अहवाल उघडला.

"तुमच्या चौदा कुप्यांत आमचा माल नाही. पंधराव्या कुपीत आहे."

"उलट वाचताय तुम्ही," भागधारक म्हणाले.

अधिकाऱ्याने पुन्हा वाचलं. मग भागधारकांनी अहवाल हिसकावून स्वतः वाचला, चष्मा काढून, चष्मा लावून, आणि शेवटी भिंग घेऊन.

"आमच्या केमिस्टने एक शेरा लिहिलाय," अधिकारी म्हणाला. तो जरा ओशाळला होता. "नकली माल आमच्यापेक्षा पुष्कळ चांगला आहे. असा नकली माल त्याने आजवर पाहिलेला नाही. कोण बनवतंय ते शोधायला आम्ही माणूस लावणार आहोत."

"लावाच," भागधारक म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"माणूस कशाला लावता," लॅबताई म्हणाल्या. "बादली बाल्कनीत आहे."

मग भागधारक उठले, बाल्कनीत गेले, आणि बराच वेळ तिथेच थांबले. बादली होती, काचेची कांडी होती, पट्ट्यांची डबी होती. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा इतका उतरला होता की लॅबताईंचा जीव गलबलला. वर्षभर हा माणूस एका आनंदात होता. जगातली एक चांगली गोष्ट फक्त आपल्याला कळली आहे, असा आनंद. आणि ती गोष्ट खोटी नव्हतीच. फक्त तिचा पत्ता चुकला होता.

"पहिल्यापासून?" त्यांनी विचारलं.

"तीन आठवडे सोडून. तुमचे हात सोलले होते."

"सांगितलं का नाहीस?"

"बिनलेबलचा माल वापरला असता तुम्ही?"

भागधारकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नसता वापरला," ते म्हणाले.

"शिवाय भांडी मला घासावी लागली असती," लॅबताई म्हणाल्या. इतकं खरं बोलायला सुरुवात केलीच होती, तर अर्ध्यावर कशाला सोडायचं?

अधिकाऱ्याने घसा साफ केला. "आमच्या बाटलीतून बाहेर कोणाला विकलंत का?"

"नाही. तुमची बाटली घरातच. बाकी चार घरांना त्यांच्या त्यांच्या बाटल्यांतून देते."

"चार घरं?" भागधारकांनी डोळे मिटले. "बिनलेबल?"

"बिनलेबल."

"मग केस होत नाही," अधिकारी म्हणाला. "स्वतःच्या घरात स्वतःच्या नवऱ्याला फसवणं आमच्या अखत्यारीत येत नाही." हे बोलून तो पहिल्यांदाच हसला, आणि मग टेबलावर पुढे झुकला. "ताई, खरं सांगू? कंपनीला याची गरज आहे. तुमची कृती आम्ही विकत घेऊ. साहेबांशी बोलून आकडा ठरवतो. चांगला देतील."

लॅबताई काही बोलणार, तोच भागधारकांनी हात वर केला. वार्षिक सभेत करायचे तसा.

"एक मिनिट. भागधारक या नात्याने मला एक मुद्दा मांडायचा आहे. घरात बादलीत ढवळलेल्या मालासाठी कंपनीने अवाच्या सवा रक्कम देऊ नये. शेवटी पैसा आमचा आहे."

अधिकाऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग लॅबताईंकडे पाहिलं. मग तो आपल्या बॅगेच्या कप्प्यात काहीतरी शोधू लागला.

"अहो," लॅबताई शांतपणे म्हणाल्या, "आमचा म्हणजे कोणाचा?"

आपण काय बोललो ते भागधारकांच्या कानांपर्यंत आत्ता पोचत होतं. हात वरच होता. तो त्यांनी हळूहळू खाली घेतला.

"मला कृती विकायची नाही," लॅबताई अधिकाऱ्याला म्हणाल्या. "खाली लाँड्रीचा गाळा आहे, तो मी घेतेय. माझ्या ठेवीतून. माझ्या नावाने. लेबल लावून." शेवटचे शब्द त्यांनी नवऱ्याकडे बघून म्हटले. मग टेबलावरचा अर्ज उचलला, तीनही फुल्यांवर सह्या केल्या, आणि रक्कम कोणाच्या खात्यात जमा करायची त्या ओळीत नवऱ्याचं नाव खोडून स्वतःचं लिहिलं.

अधिकारी उठला. दारापाशी घुटमळला. मग बाह्या थोड्या मागे घेऊन त्याने हात दाखवले. बेचक्यांपासून मनगटापर्यंत लाल. "घरी मीच घासतो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "आमच्याच मालाने. एखादी बाटली मिळेल का? लेबल नसलं तरी चालेल."

लॅबताईंनी त्याला दोन दिल्या.

तो गेल्यावर भागधारकांनी अर्ज पुन्हा एकदा वाचला. मग घसा खाकरून म्हणाले, "उद्या सकाळी मी लिंबूवाल्यांचे सगळे शेअर विकतो. येतील ते पैसे तुझ्या गाळ्यात घाल. माझा नियम आहे, ज्याचा माल चांगला, त्यात पैसा. माल मी चौदा महिने वापरलाय. व्यवस्थापनाला चाळीस वर्षं ओळखतो."

लॅबताईंना त्याचं इतकं बरं वाटलं की क्षणभर त्यांनी हो म्हणून टाकलं असतं. मग त्यांनी त्या वर केलेल्या हाताचा विचार केला.

"नको," त्या म्हणाल्या.

"नको? का?"

"तुम्ही भागधारक झालात की मला दर वर्षी उभं राहून उत्तरं द्यावी लागतील. मीठ किती घातलं, का घातलं, बाटली दहा थेंबांनी कमी का. तेहतीस वर्षं प्राचार्यांना उत्तरं दिली. मग तुम्हाला. आता कोणाला नाही."

एकतीस कंपन्यांनी ज्यांना हसत हसत भागधारक करून घेतलं होतं, त्यांना घरच्या कंपनीने दारातूनच परत पाठवलं. ते लागलं त्यांना. चांगलंच लागलं. ते खिडकीशी गेले, खालच्या लाँड्रीच्या बंद शटरकडे बघत उभे राहिले, आणि मग कधी नव्हे तो असा प्रश्न विचारला ज्याचं उत्तर त्यांच्या खिशात तयार नव्हतं.

"मग मी त्या गाळ्यात यायचं ते कोण म्हणून?"

"कोण म्हणून काय? घरचे म्हणून या. एक वाजता. माझा डबा घेऊन."

"आणि स्वयंपाक कोण करणार?"

लॅबताई त्यांच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. वार्षिक अहवालांतल्या शेवटच्या पानावरच्या बारीक टिपा वाचण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला एवढं न छापलेलंही वाचता आलं.

गाळा मिळाला. बादलीच्या जागी मोठं पिंप आलं, आणि पहिल्या सोमवारी एक वाजून दहा मिनिटांनी भागधारक डबा घेऊन आले. पायरीवर थबकले, आत येऊ का म्हणून विचारलं, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. लॅबताईंनी हात धुतले, डबा उघडला आणि पहिला घास घेतला.

"भाजी खारट झालीय," त्या म्हणाल्या.

भागधारकांनी घड्याळात पाहिलं, मग छताकडे पाहिलं.

"तोंडी तक्रारीची दखल घेतली जात नाही," ते म्हणाले. "लेखी दे." आणि लगेच, जरा आवाज उतरवून, "जास्तच खारट आहे का?"